उजव्या वळणानंतरचा ब्रेक

तंजावूरच्या विमा कचेरीत कनकलता मोटारींचे दावे तपासते. "ब्रेक लागलाच नाही, मॅडम," हे वाक्य तिनं इतक्यांदा ऐकलंय, की ते कानावर पडताच तिची भुवई आपोआप वर जाते. त्या रविवारी तेच वाक्य तिच्या स्वतःच्या तोंडून निघालं, तेही डोक्यात हेल्मेट, अंगभर वाळू आणि समोर हसणारी माणसं असताना.

पन्नाशी ओलांडलेली ही बाई वर्षातून चार-दोनदा आपली जुनी लाल गाडी घेऊन चेन्नैकडच्या रेसट्रॅकवर जाते. तिथं ट्रॅक डे असतो. शर्यत नाही, बक्षीस नाही. आपापली गाडी आणायची आणि एरवीच्या रस्त्यावर पळवता येणार नाही तशी पळवायची. नातलगांनी आधी कुजबूज केली, मग थट्टा केली, मग नाद सोडला. थोरला भाऊ अनिरुद्धराव तेवढा नाद सोडणाऱ्यांतला नव्हता.

ट्रॅकवर एक लांबलचक उजवं वळण आहे. ते संपलं की ताबडतोब जोरात ब्रेक दाबावा लागतो. त्या दिवशी कनकलतानं दाबला आणि पेडल निम्म्यापर्यंत रिकामं खाली गेलं. तिनं पाय उचलून पुन्हा दाबला, तर पेडल दगडासारखं घट्ट! पण तेवढ्यात रस्ता संपला होता. गाडी वाळूत घुसली आणि रुतली.

ट्रॅक डे भरवणारा विघ्नेश धावत आला. पोरगा नम्र, पण नम्रपणाच कधी कधी जास्त बोचतो.

"तुम्ही घाबरून उशिरा दाबला असेल, मॅडम. होतं असं. पुढच्या वेळी सावकाश ग्रुपमधे या. नाहीतर गाडी चालवायला कुणाला तरी बरोबर आणा."

"कुणाला तरी म्हणजे?"

"म्हणजे... घरात कुणी जेंट्स असतील ना?"

कनकलतानं हेल्मेट काढलं. "आहेत. त्यांना गाडी चालवता येत नाही," ती म्हणाली आणि वाळू झटकत चालू लागली.

दुसऱ्या दिवशी गाडी कल्याणरामच्या गॅरेजात गेली. कल्याणराम मूळचा मराठी घरातला. वाक्य मराठीत सुरू करायचा आणि तमिळमधे संपवायचा. त्यानं ब्रेक ऑइल बदललं, पॅड काढून पाहिले, चाकं जॅकवर चढवून हातानं हलवली आणि गाडी बाजारातून फिरवून आणली. बस आडवी आली, स्कूटर आडवी आली, गाडी जागच्या जागी थांबली.

"अक्का, ब्रेक फर्स्ट क्लास. ऑइल तापून उकळलं असणार तेव्हा. आता नवीन घातलंय."

कनकलताला पटेना. ऑइल उकळलं तर पेडल स्पंजासारखं होतं आणि गाडी गार होईपर्यंत तसंच राहतं. पॅड तापले तर पेडल घट्ट असतं, पण गाडी थांबत नाही. तिचं पेडल पहिल्यांदा रिकामं गेलं आणि दुसऱ्यांदा ठणठणीत लागलं. हे तिसरंच काहीतरी होतं.

संध्याकाळी अनिरुद्धराव कापीचा डबरा, म्हणजे कॉफीची पितळी वाटी, हातात घेऊन ओसरीवर बसला होता. "काय गे कनके, आता तरी पुरे कर. उद्या हाडं मोडलीस तर कोण बघणार?"

"हाडं माझी आहेत, अण्णा."

"गाडी बरी आहे म्हणतो ना तो कल्याणराम? मग चूक कुणाची?"

हा प्रश्न तिच्या जिव्हारी लागला. कचेरीत ती रोज हाच प्रश्न विचारत असे, अगदी याच सुरात. रात्री जेवताना तिच्या मनात एक गोष्ट आली. बाजारात कल्याणरामनं ब्रेक दाबला तो सरळ रस्त्यावर. ट्रॅकवर तिचं पेडल खाली गेलं ते वळण संपल्यावर. वळणाचं कुणी काही विचारलंच नव्हतं.

ओरत्तनाडु रस्त्यावर एक बंद पडलेली राइस मिल आहे. तिथं भात वाळवायचं मोठं सिमेंटचं अंगण आहे. मालक तिच्या ओळखीचा. रविवारी सकाळी तिनं गाडी तिथं नेली आणि कल्याणरामलाही बोलावून घेतलं.

"तू चालव," ती म्हणाली. "माझा पाय घाबरट आहे म्हणतात. तुझा पाय बघू."

तो हसला, पण बसला. आधी डावीकडे गरागरा चकरा मारून सरळ येऊन थांबायला तिनं सांगितलं. ब्रेक ठीक लागला. मग उजवीकडे तशाच चकरा. गाडी डाव्या चाकांवर कलली, टायर किंचाळले. सरळ होऊन त्यानं ब्रेक दाबला आणि त्याचं तोंडच उतरलं.

"अय्यो! अक्का, खाली गेला."

"पुन्हा दाब."

"आता लागतोय."

"आणखी एकदा उजवीकडे."

पुन्हा तेच. कल्याणराम उतरला, पुढच्या डाव्या चाकापाशी उकिडवा बसला आणि चाक धरून हलवू लागला. मग म्हणाला, "त्या दिवशी गॅरेजात हे चाक जरासं हललं होतं. एवढं चालतं म्हणून मी सोडून दिलं."

झालं होतं ते असं: चाकाचं बेअरिंग झिजलं होतं. उजव्या वळणात सगळा भार डाव्या चाकावर आला की ते तिरपं व्हायचं, चाकाबरोबर ब्रेकची डिस्क वाकडी फिरायची आणि तिला दोन्ही बाजूंनी दाबून धरणारे पॅड मागे ढकलायची. मग पहिला ब्रेक पॅड नुसते जागेवर आणण्यात जायचा. गाडी थांबवायचा तो दुसरा. कल्याणरामनं बेअरिंग काढून तिच्या तळहातावर ठेवलं. बोटानं फिरवताना ते जात्यासारखं घरघरलं. नवीन बसवून दोघांनी मिलच्या अंगणात पुन्हा उजव्या चकरा मारल्या. पेडल वरच्या वर घट्ट.

"हा नाद सोड म्हणालो होतो," संध्याकाळी ओसरीवर अनिरुद्धराव म्हणाला.

"तुम्ही म्हणाला होता, अण्णा. मी नव्हते."

पुढच्या ट्रॅक डेला तिनं झिजलेलं बेअरिंग विघ्नेशच्या टेबलावर ठेवलं. त्यानं फिरवून पाहिलं, मान हलवली. माफी वगैरे मागितली नाही. "छान, मॅडम. तरी आज सावकाश ग्रुपच," एवढंच म्हणाला.

पहिल्या फेरीत ती सावकाश ग्रुपमधे गेली. ते लांब वळण आलं, संपलं. तिनं पाय ठेवला, ब्रेक लागला. पुढच्या फेऱ्यांत ती दर वेळी थोडा उशिरा दाबत गेली आणि पुढच्या गाड्या एकेक करून मागे पडत गेल्या.

दुपारी वेगवान ग्रुपची रांग लागली. रांगेच्या मधोमध लाल गाडी उभी होती. विघ्नेश खिडकीशी येऊन वाकला.

"मॅडम, ही दुसरी रांग आहे."

"ठाऊक आहे."

"तुमचं नाव इथं नाही."

"मग लिहून घे."

"गाडी मागे घ्या ना, प्लीज."

कनकलतानं आरशात पाहिलं. मागे गाडीला गाडी चिकटून उभी होती. "मागे घ्यायला जागा कुठाय?" ती म्हणाली, आणि हेल्मेटची काच खाली ओढली. विघ्नेशनं क्षणभर तिच्याकडे, मग रांगेकडे पाहिलं. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. तो बाजूला झाला आणि त्यानं हिरवा झेंडा उचलला.