पेट्रोल स्वस्त झालं तेव्हाची पार्टी

इथे आखातात पेट्रोलचा रेट दर महिन्याला बदलतो, आणि नवा रेट फॅमिली ग्रुपवर सगळ्यात आधी टाकायचा मान माझा! त्या महिन्यात तो धपकन खाली आला. मी धडाधड टाइप केलं, 'पार्टी!!! यल्ला, चला, टाकी फुल करा!!!' आईचा अंगठा आला. बाबांच्या नुसत्या निळ्या टिक्स.

संध्याकाळी बाबा आले आणि बूट न काढताच सोफ्यावर बसले.

"पार्टी करतेस? अगं बाई, क्रूड पडलंय म्हणून पेट्रोल पडलंय."

बाबांची कंपनी तेलाच्या विहिरींकडे पाइपलाइन टाकते. क्रूडचा, म्हणजे कच्च्या तेलाचा, भाव पडला की पहिली थांबतात ती हीच कामं. प्रोजेक्ट होल्डवर गेला होता, सगळ्यांना बिनपगारी घरी बसवलं होतं. "फोन करू," एवढंच कंपनीवाले म्हणाले होते.

"पण बाबा, इथे आता सगळं तेलावर नाहीये! टुरिझम आहे, ट्रेड आहे. कॉलेजात मी प्रेझेंटेशन दिलंय यावर, ए मिळाला मला!"

"हो का? मग त्या टुरिझमला सांग आपले व्हिसे काढायला."

आई हसली, आणि मधेच थांबली. आई, मी आणि भाऊ, आम्हा तिघांचे व्हिसे बाबांच्या नोकरीवर. मी जन्मले इथे, वाढले अल नहदाच्या याच बिल्डिंगमध्ये, तरी नोकरी गेली की खलास, आम्हीही गेलो.

मग बाबा चहाआधी क्रूडचा भाव बघायला लागले. मीपण, लेक्चरमध्ये, लपून. रिफ्रेश, रिफ्रेश. दुसरं करणार काय? आई तांदळाची मोठी गोणी आणायची, ती आता दोन किलोचं पाकीट मागवायला लागली. भावाने विचारलं, "आर वी लीव्हिंग?" आई म्हणाली, "अभ्यास कर."

पुढचा रेट आला तो चांगलाच वाढून! लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरचे अंकल करवादले, "लूट है, बेटा, लूट!" मी म्हटलं, "हाँ ना अंकल!" आणि मनात अक्षरशः नाचत घरात घुसले.

"बाबा, वाढलं!"

त्यांनी आधीच बघितलं होतं. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट घातलेला, फोन समोर टेबलावर. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो. आणि तो खरंच वाजला!

बाबांनी झडप घातली. "येस सर! गुड मॉर्निंग सर!"

"सर, ग्रोसरी से," पलीकडून आवाज आला. "चावल लाया हूँ, दरवाजा खोलो."