अंगणातली मोटारबोट

"मंगळवार, १२ मार्च २०१९. सकाळी ढगाळ. संत्र्याला मोहर, शिंका सुरू. चर्चच्या मिसाहून येऊन एक फोन केला. दुपारी बर्नडीन आली. केक कापला, तिने खाल्ला नाही. संध्याकाळी कौन्सिलची सभा."

फिलोमिना रोशने रोजनिशीत एवढंच लिहिलं.

बर्नडीन कॉब म्हणजे नगरसेविका, आणि कॉन्व्हेंटमध्ये फिलोमिनाच्या बाकावरची. ती आली होती समजूत घालायला. फ्लोरिडातल्या त्या किनाऱ्यावरच्या गावात घर धोकादायक ठेवलं की मालकावर रोज दंड चढतो. पुढे कधीतरी मालक दुरुस्ती करतो, तडजोड मागतो आणि दंड जवळजवळ सगळा माफ होतो. अशा तडजोडी कौन्सिल गठ्ठ्याने मंजूर करतं, न वाचता. आजच्या गठ्ठ्यात ड्वाइट लॅसिटरचं भाड्याचं घर होतं. त्याच घरातल्या एका आजाऱ्याला चर्चमधलं जेवण पोचवायला गेलेला फिलोमिनाचा नवरा, अँब्रोज, कुजक्या जिन्यावरून कोसळला होता. तो घरी परत आलाच नाही.

"अगं फिलो, जिना नवा केलाय त्याने. घर विकेल, गाव सोडून जाईल. सुटशील तू."

"सुटेल तो. मी कशी सुटेन?"

"सिस्टर अगाथा म्हणाल्या असत्या, क्षमा कर."

"दौत तू सांडलीस आणि सिस्टर अगाथांनी कोंडलं मला. तेव्हा कुठे गेली होती क्षमा?"

बर्नडीनला हसू आलं, पण ती उठली.

सकाळच्या त्या फोनचं बर्नडीनला ठाऊक नव्हतं. नियम असा, की तडजोड मागणाऱ्याच्या मालकीच्या, गावातल्या कुठल्याही जागेवर न मिटलेली तक्रार असता कामा नये. पुढच्या अंगणात मोटारबोट ठेवायला मनाई आहे. ठेवतात सगळेच, आणि शेजाऱ्याची तक्रार कुणी करत नाही. लॅसिटरही रविवारी मासे धरून आला आणि बोट राहत्या घराच्या अंगणात लावून मोकळा झाला. फिलोमिनाने फोनवर तक्रार केली, स्वतःचं नाव सांगून. दुपारी इन्स्पेक्टर जाऊन दारावर नोटीस चिकटवून आला.

सभेत प्रार्थना झाली, गठ्ठा पुढे आला. फिलोमिना उठली.

"लॅसिटरचं प्रकरण बाजूला काढा. त्याच्या राहत्या घरावर आज नोटीस लागलीय."

"बाई, ते एखाद्या सदस्याने म्हणायला हवं," महापौर म्हणाले.

सदस्य कागदांत डोकं घालून बसले. लॅसिटर मागे वळून घर विकत घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाकडे बघून हसला. फिलोमिना उभीच राहिली, बर्नडीनकडे बघत. बर्नडीनने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मी म्हणते. काढा बाजूला."

कौन्सिलच्या वकिलाने इन्स्पेक्टरला विचारलं आणि नोटीस खरी असल्याची मान डोलावली. तडजोड होणार नाही, दंड चालू राहील. मागच्या रांगेतलं गिऱ्हाईक टोपी घेऊन निघून गेलं.

लॅसिटरने तिला बाहेर पायऱ्यांवर गाठलं. "एका बोटीपायी, बाई? अख्ख्या गावाच्या अंगणात बोटी आहेत!"

"आहेत की. पण माफी मागायला तू एकटाच आला होतास."

"अँब्रोज असता तर त्याला लाज वाटली असती तुमची."

"वाटली असती. तो भला माणूस होता रे. मी नाही."

आणि ती गाडीत बसली. बर्नडीन दारात उभी होती. तिने हात केला नाही, फिलोमिनानेही नाही.

घरी येऊन तिने रोजनिशीत आणखी एक ओळ लिहिली: "दोरीवरचे कपडे काढले. अँब्रोजच्या उशीचा अभ्रा अजून ओला आहे."