पाइपातला बोल्ट

सिद्धलिंग मिस्त्रीचा राग सगळ्या मुरूम गावाला ठाऊक होता. तीस वर्षं तो गाड्यांच्या पोटात हात घालत होता, आणि त्यातली निम्मी दुसऱ्यांनी करून ठेवलेली घाण निस्तरण्यात गेली, असं त्याचं म्हणणं.

त्या दिवशी उमादेवी आली ती त्याच्याहून तापलेली. आलूरची बाई. आठ महिन्यांपूर्वी तिनं जुना पेट्रोलचा मिनी ट्रक विकत घेतला होता; त्यातून पाण्याचे जार गावोगाव पोचवायची, गाडी स्वतःच चालवायची. शेजारी सासू रुद्रम्मा, कपाळाला पट्टी.

"काल वळणावर म्हशी आडव्या आल्या," उमादेवी म्हणाली. "दोन्ही पायांनी ब्रेकवर उभी राहिले, तरी गाडी थांबंना. लिंबाला धडकली. आत्याबाईला चार टाके पडले."

"आधी कुणाला दाखवली हुती?"

"दोघांना. गाडी उभी असली की थरथरती, बंद पडती. म्हणून एकानं कार्बोरेटर धुतला आन स्लो, म्हंजे उभ्या गाडीत इंजिन फिरायचा वेग, वाढवून दिला. ब्रेक कडक लागतो म्हणून दुसऱ्यानं लायनर बदलले. वर म्हणला, बाईमाणसाच्या पायात जोर कमी असतो."

सिद्धलिंगची कानशिलं तापली. "पायाचा काय संबंध? इंजिन बंद असतानाच चार-पाच वेळा पेडल मारा. आता दाबून धरा आन गाडी चालू करा. पेडल खाली जातंय का?"

"न्हाय. दगडासारखं हाय."

"मंग बूस्टर मेलाय. इंजिन हवा ओढतं, त्या ओढीवर बूस्टर चालतो आन ब्रेकवर पायाचा जोर वाढवतो. एवढंबी बघता येत न्हाय त्यांना. ब्रेक लागंना आन वर स्लो वाढवला, म्हंजे गाडी उलट पुढं रेटणार."

इंजिनपासून बूस्टरकडे जाणारा रबरी पाईप तो बोटांनी चाचपत गेला. मधे काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. ती सोडली तर पाईप कापलेला, आत बोल्ट ठोकलेला आणि वरून तार आवळलेली. तारेखाली रबर तडकलं होतं आणि त्यातून सूं आवाज येत होता. तिथूनच इंजिन फुकटची हवा ओढत होतं, म्हणून थरथरत होतं.

"ह्याला मिस्त्री म्हणायचं का?" सिद्धलिंग ओरडला. रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. "बूस्टरचा पडदा फाटला, गाडी स्लोला थांबंना, तर ह्या हरामखोरानं बोल्ट घालून ब्रेकच मारून टाकला. इंजिन गोड चालतंय म्हणून गिऱ्हाईक खूश. माणूस मेलं असतं तर? सापडू द्या मला, त्याचे हातच..."

तार सोडायला त्यानं पक्कड लावली. नेहमीच्या बाजूला फिरवली तर तार आणखी आवळली. पीळ उलटा होता. डावखुऱ्या माणसानं दिलेला. मुरूममध्ये तारेला असा उलटा, दुहेरी पीळ देणारा एकच मिस्त्री होता.

पक्कड त्याच्या डाव्या हातातच होती.

मग गाडी ओळखू आली. तेव्हा ती निळी होती, आता पांढरी मारली होती. बेळंबचा कुमार, तिचा तेव्हाचा मालक, लग्नाचं सामान भरून आला होता, घाईत. "आजच्या पुरतं चालवून द्या, मिस्त्री." सिद्धलिंगनं बोल्ट घातला आणि सांगितलं, आठ दिवसांत ये, तोवर सावकाश चालव. कुमार आला नाही. सिद्धलिंगनंही बूस्टर मागवला नाही. विसरून गेला.

"काय झालं?" उमादेवीनं विचारलं.

खोटं बोलायला जागा होती. कुणाला कळलंही नसतं.

"हे म्या केलंय," तो म्हणाला. "एका दिवसापुरतं म्हणून केलं हुतं. त्यानं तशीच विकली तुमाला."

उमादेवीनं वाकून तो बोल्ट बघितला. मग म्हणाली, "आता का ओरडत न्हाय तुमी? मघाशी तर सगळ्या रस्त्याला ऐकू जात हुतं."

त्यानं पक्कड खाली ठेवली. रुद्रम्मा उठली, सुनेचा हात धरून म्हणाली, "चल. ह्याच्या हातचं नको."

"दुरुस्त ह्यालाच करू द्या, आत्याबाई," उमादेवी म्हणाली. "म्या समोर उभी ऱ्हाते. प्रत्येक नट बघते."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं तो सोलापूरला जाऊन बूस्टर घेऊन आला. वाटेत त्यानं कुमारला फोन लावून वाटेल तसं झापलं. कुमारनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुमीच म्हणला हुता, सावकाश चालवली तर चालंल." सिद्धलिंगनं फोन इतक्या जोरात खिशात कोंबला, की शेजारचा उतारू सरकून बसला.

बूस्टर, नवा पाईप, नव्या क्लिपा. स्लो खाली आणला. उमादेवी कडेला हात बांधून उभी होती. शेवटी तिनं स्वतः पेडल दाबून धरलं, गाडी चालू केली. पेडल हळूच खाली गेलं. रस्त्यावर चार वेळा ब्रेक मारून बघितला. चहा आला होता, तो तिनं घेतला नाही.

ती गाडी पुन्हा त्याच्या दारात आली नाही. बाजाराच्या दिवशी एक-दोनदा चौकात दिसली. गर्दीत ती जागच्या जागी थांबली, तेव्हा सिद्धलिंग उभा राहून बघत राहिला. उमादेवीनं त्याच्याकडं मान वळवली नाही.