गोणपाटातलं रक्त

आमच्या घरात शेतमजुरांच्या चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे उशाला असायचे. त्यामुळे दोषी कोण हे मला प्रयोगाआधीच ठाऊक होतं: टोमॅटोवर मारतात ते औषध.

शेजारची मावशी महाळुंगे पडवळला एका बागाइतदाराकडे उघड्या हातांनी टिपाडात औषध कालवायची. हातमोजे मागितले की तो म्हणायचा, यानं काही होतं असा कागद दाखव. दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी पुण्यात संशोधन करत होते. आमच्याकडे मास स्पेक्ट्रोमीटर होता, प्रथिनांच्या तुकड्यांचं वजन सांगणारं यंत्र. ऑक्सिजन चिकटून जो तुकडा बिघडतो तो सोळा एककांनी जड भरतो. नुकसान नेमकं कुठं झालं ते कळतं. मी मावशीला कागदाचं वचन दिलं आणि फवारणीवरच्या सहा बायकांचं रक्त घेतलं. तुलनेला आईचं. ती बालवाडी चालवायची, फवारणीजवळ कधी गेली नव्हती.

रक्ताच्या नळ्यांभोवतीचा बर्फ मंचरलाच वितळला. मेथीच्या जुड्या ओल्या गोणपाटात पुण्यापर्यंत ताज्या राहतात, म्हणून नळ्याही त्यातच गुंडाळल्या आणि भाजीच्या टेम्पोत बसले. शंकासुद्धा आली नाही.

सहाही जणींचे तेच तुकडे जड निघाले. पत्रक लिहूनच ठेवलं होतं. मग आईचा नमुना पाहिला. तेच तुकडे, तितकेच जड. रक्त माझ्याच नळ्यांत, उकाड्यात बिघडलं होतं.

माझे मार्गदर्शक सर म्हणाले, आईचा नमुना वगळ, बाकीचं चित्र सुंदर आहे. सुंदर! हीच लबाडी औषध कंपनीनं केली असती तर आम्ही मोर्चा काढला असता. मी त्यांच्या शोधनिबंधातून माझं नाव काढून घेतलं.

गावी जाऊन मावशीला सगळं सांगितलं. ती उठून भाकरी थापायला लागली. ते मला सोसेना. सर देतायत तोच कागद आणू का, असं मीच विचारून बसले.

"खोटे कागद मालकाकडं लई हायेत, पोरी. त्यात तुजा कशाला?"

दुसऱ्या दिवशी मी तिच्यासोबत कामावर गेले. बागाइतदारानं हसत विचारलं, आला का कागद? मावशी "न्हाई" म्हणाली आणि कोपरापर्यंत हात टिपाडात घातला. तिची कातडी सोललेली त्यालाही दिसत होती. हातमोज्यांसाठी यंत्राची साक्ष कशाला लागते, असं मी त्याला तिथंच विचारलं. तो मला बांधावरून उतरायला सांगू लागला. मी उतरले नाही.