तुझ्या हाती सोपवतो

तळासरीच्या मिशन दवाखान्यात मी नर्स होते तेव्हाची गोष्ट. पन्नासचं दशक सरत आलं होतं. पेनिसिलिन डहाणूहून बसने यायचं, आणि प्रार्थना पाळकसाहेबांकडून, न मागता. त्यांची प्रार्थना म्हणजे मालगाडी, डबे संपता संपायचे नाहीत. माणूस सज्जन, पण माझं डोकं उठायचं.

डोंगराकडच्या पाड्यावरून एक वारली बाई पोराला पाठीशी बांधून आली. न्यूमोनिया. आधीची पोरं गेलेली, हे एकच उरलेलं. तिथल्या भगताने हात टेकले म्हणून आमच्याकडे आली. मी सुया उकळत राहिले, टोचत राहिले. एका सकाळी पोराचा श्वास मोकळा झाला आणि त्याने पेज मागितली. बाई पहिल्यांदा हसली. मीही हसले, खोटं कशाला बोलू? इंजेक्शनं मात्र अजून बाकी होती.

तेवढ्यात पाळकसाहेब आले. पोराच्या डोक्यावर हात ठेवून, डोळे मिटून म्हणाले, "प्रभो, हे लेकरू आम्ही तुझ्या हाती सोपवतो." आम्ही ख्रिस्ती माणसं हे पाळण्यापासून ऐकतो. आमच्या लेखी त्याचा अर्थ एवढाच, की बाबा, सांभाळ याला. तिच्या लोकांत देव पोर मागायला लागला तर कोंबडं देऊन त्याला परतवतात. पोर कुणी देत नाही. पाळकसाहेबांनी तर देऊनच टाकलं! मी सुई उकळून आले तर खाट रिकामी.

तिचा पाडा नेमका कुठला, ते कुणी सांगेना. पाळकसाहेब आणि मी शोधत फिरलो. सापडला तोवर ताप उलटला होता. भगत अंगणात सुपात तांदळाचे दाणे मांडून बसला होता, आणि पोर तिच्या मांडीवर गार पडलेलं. मला पाळकसाहेबांचा असा संताप आला, की त्यांच्याकडे बघवेना.

तिने मात्र त्यांना ओळखलं. वारल्यांच्या बोलीत लहानथोर सगळ्यांना तूच म्हणतात.

"तूच दिला ना त्याला? मंग आता तूच परत मांग. तुजा आयकतो तो."

रागाने म्हणाली असती तर सोसलं असतं. तिला खरंच वाटत होतं, ज्याने दिलं त्याला परत मागता येतं. पोराला तसंच मांडीवर धरून ती पाळकसाहेबांच्या तोंडाकडे बघत थांबली.