प्रीपोन

माझी अक्कल कुठे गहाण पडली होती ते ऐकायचंय? मग चहा घ्या, बिस्किटं आधीच संपवा. नंतर हसताना ठसका लागेल.

दहा वर्षं परदेशात शिकून मी राजधानीतल्या द्वारकेला परतलो तो देशसेवेच्या निश्चयानेच. दर रविवारी आणि गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला कॅन्टोन्मेंटमधल्या मराठी जवानांच्या बायकांना मी फुकट इंग्रजी शिकवतो. म्हणजे, शिकवतो असं मला वाटतं.

त्यातल्या साताऱ्याच्या वैशालीताईंना एका शाळेत बालवाडीच्या शिक्षिकेसाठी मुलाखत होती. नवरा सीमेवर, दिवस खायला उठतो. ही नोकरी त्यांना मनापासून हवी होती. गुरुवारी सकाळी मी गाडीने सोडायचं ठरलं.

रविवारी त्यांनी शाळेचा मेसेज पाठवला: मुलाखत प्रीपोन होऊन मंगळवारी दहाला. खाली विचारलं, "सर, उत्तर काय देऊ?"

प्रीपोन! माझं डोकंच फिरलं. पोस्टपोनच्या उलटं असलेलं हे क्रियापद तिकडे कुणी वापरत नाही, हे आपण इथे घरात तयार केलंय, अशी माझी ठाम समजूत. मी सहा मिनिटांचा व्हॉइस मेसेज धाडला. त्यात शाळेचं वाक्य दोनदा वाचून दाखवलं, ते सुधारलं, वर म्हटलं, भाषा शुद्ध तर देश शुद्ध. ताईंनी लिहिलं, "बरं सर."

गुरुवारी नऊला मी इस्त्रीचा शर्ट घालून त्यांच्या क्वार्टरखाली हजर. ताई खांद्याला पर्स लावून जिना उतरत होत्या.

"घाबरू नका," मी म्हणालो. "मुलाखतीत मन लावून बोला."

"मुलाखत मंगळवारीच झाली की, सर."

माझ्यामुळे नोकरी हुकली की काय?

"मग... गेला होतात ना?"

"गेले होते. आज पहिला दिवस आहे."

"अहो, मला सांगायचं तरी!"

"तुम्हालाच तर मेसेज पाठवला होता. तुम्ही दोनदा वाचून दाखवलात. मला वाटलं, आज शाळेत सोडायला येताय."

सोडलं, दुसरं काय करणार? गाडीतून उतरताना त्या म्हणाल्या, "सर, आता मी चारला घरी असते. आजचा क्लास तासभर प्रीपोन कराल का?"

मी निमूटपणे ग्रुपवर तसंच लिहिलं. तेच क्रियापद, तसंच्या तसं.

साडेचारला सगळ्या बायका वह्या उघडून बसल्या होत्या.

सर तेवढे साडेपाचला पोहोचले.