कापूर कुठे गेला

वर्तकनगरात आमच्या वसाहतीचं दत्तमंदिर आहे. तिथे रविवारी सकाळी मुलांचा संस्कारवर्ग भरतो आणि शेवटी आरती होते. वर्ग घेतात हेमा कारखानीस. बाळकुमहून रिक्षाने येतात. शाळेत रसायनशास्त्र शिकवायच्या, आता निवृत्त आहेत. देवाची गोष्ट सांगायची तर मुलाच्या हातात काहीतरी द्यायचं, हा त्यांचा नियम. जळत्या पणतीवर मूल स्वतः ग्लास पालथा घालतं, हवेची संगत तुटून पणती विझते, मग बाई संगतीची गोष्ट सांगतात. नुसतं ऐकलेलं घरी पोचेपर्यंत सांडतं, असं त्यांचं म्हणणं.

मी मंदिराची झाडलोट आणि डागडुजी करतो. आरतीच्या जागेवरचं छत कापराच्या काजळीने काळं होतं, ते दरवर्षी दत्तजयंतीआधी घासून रंगवतो. मंदिरात यायच्या आधी वागळे इस्टेटमध्ये बॉयलरवर होतो. माझ्याबरोबर राघो होता. रविवारी तो नातीला, संचिताला, वर्गाला सोडायचा आणि आरती होईपर्यंत माझ्याजवळ पायरीवर बसायचा. होळीनंतर तो गेला.

पुढे एका रविवारी बाईंनी कापूर शिकवला. ताटलीत वडी ठेवून पेटवली. मुलं भोवती गोळा झाली. वडी जळून गेली.

"बघा, राख नाही, कोळसा नाही. काही उरलं नाही," बाई म्हणाल्या. "आपला मीपणा असाच जायला हवा."

संचिताने विचारलं, "टीचर, आजोबांना पण जाळलं ना? मग ते पण काहीच उरले नाहीत?"

तेवढ्यात पालक दारात आले आणि मुलं पांगली.

त्यानंतर संचिता वर्गाला आली नाही. तिची आई मालन मला भाजीच्या गाडीपाशी भेटली.

"काका, घरात कापूर लावला की पोरगी उठून जिन्यात जाऊन बसते. दार बंद करून घेते. सासूबाईंनी आरतीच थांबवलीय. समजावलं तरी ऐकत नाही हो."

मी हे बाईंच्या कानावर घातलं. त्या पायरीवर बसल्या, राघो बसायचा तिथेच.

"धोंडीबा, मी अर्धंच शिकवलं. काही उरत नाही, असं कधी होतं का? जन्मभर शाळेत याच्या उलट शिकवत आले आणि देवळात येऊन हे बोलले."

"मग उरलेलं अर्धं शिकवा."

"तोंडी सांगितलं तर समजूत काढतेय असं वाटेल तिला."

"तोंडी नका सांगू."

बाईंनी माझ्याकडे रागाने पाहिलं. दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन हजर झाल्या.

त्यांना कापूर न जाळता उडवून दाखवायचा होता. मंद आचेवर त्याची वाफ होते आणि गार काचेला लागली की तिचा पुन्हा कापूर होतो. सांगायला सोपं. मंदिरामागे माझी शेगडी आहे, तिच्यावर तवा, तव्यात वाळू, वाळूत वाटी, वाटीत कापूर आणि वर पालथा ग्लास, अशी मांडणी केली. दुकानातल्या वड्यांत मेण निघालं. वाटीत नुसता चिकट गाळ झाला. बाई जांभळी नाक्यावर गेल्या आणि काष्ठौषधीवाल्याकडून खड्यांचा कापूर घेऊन आल्या. मग आच जास्त झाली, वाफेने पेट घेतला, ग्लास तडकला. आच कमी केली तर ग्लासच तापला आणि वाफ कडेने निघून गेली. शेवटी ग्लासवर ओलं फडकं घालायचं आणि गरम झालं की बदलायचं, असं ठरलं. बाईंची बोटं भाजली. मी म्हटलं, "फडकं मी बदलतो." नको म्हणाल्या. मुलांसमोर हात चुकायला नको, म्हणून जमल्यावरही पुन्हा पुन्हा करून पाहिलं. कारखान्यात एवढ्या चिकाटीची माणसं मी थोडीच पाहिली.

मग त्या संचिताच्या घरी गेल्या. काय बोलल्या ते मालनने सांगितलं: "मी तुला चुकीचं शिकवलं. रविवारी दुरुस्त करणार आहे. तूच नसलीस तर कुणासमोर करू?"

संचिता मालनबरोबर आली. चपलांच्या मांडणीजवळ बसली, पळता येईल अशी.

बाईंनी शेगडी मंडपात मांडली. "आज वर्गात कापूर पेटवायचा नाही," त्या आधीच म्हणाल्या. खडे संचिताच्याच हाताने वाटीत टाकून घेतले. ग्लास पालथा घातला, वर फडकं. मुलांनी पाळीपाळीने फडकं बदललं. खडे बारीक होत गेले आणि वाटी रिकामी झाली.

"संपला!" ऋतुराज ओरडला.

"फडकं काढ," बाई संचिताला म्हणाल्या. "कडेने धर, ग्लास उचल."

ग्लासच्या आत पांढऱ्या सुया चिकटल्या होत्या. संचिताने नाक घातलं आणि बराच वेळ काढलं नाही.

"कापूरच आहे," ती म्हणाली.

"टीचर, माझा होमवर्क पण असाच वर जाऊन बसलाय," ऋतुराज म्हणाला.

"मग तुला उलटा टांगून बघते," बाई म्हणाल्या. पोरं हसली.

संचिता हसली नाही. "म्हणजे आजोबा पण असे कुठेतरी आहेत?"

"ते मी पाहिलेलं नाही, बाळा. न पाहिलेलं पाहिलं म्हणून सांगणार नाही. आत्मा नाहीसा होत नाही, असं आपली माणसं मानतात. मीही मानते. पण ते मानणं झालं, आणि हे तू डोळ्यांनी पाहिलंस. दिसलं नाही म्हणजे काही उरलं नाही, असं मी म्हटलं होतं. ते खरं नव्हतं."

संचिताने ग्लास दोन्ही हातांनी धरून ठेवला.

"जाळल्यावर पण?" तिने विचारलं.

"आरतीत बघू. नको वाटलं तर आईजवळ जाऊन बस."

आरती म्हणून झाली. तिने नखाने सुया खरवडून ताटात टाकल्या. भटजींनी पेटवल्या. ती मागे सरकली, पण बाहेर गेली नाही. ज्योतीवरून काळा धूर निघाला तशी तिची मान वर गेली. वर छत होतं, गेल्या दत्तजयंतीला मी पांढरं केलेलं आणि पुन्हा काळं झालेलं.

"तिथे गेला," ती बोट दाखवून म्हणाली.

बाईंनी वर पाहिलं. मीही पायरीवरून पाहिलं. इतकी वर्षं घासलं, पण तेव्हा मनात फक्त रंगाचा विचार असायचा.

संचिताने ज्योतीवर तळवे धरले आणि तोंडावरून फिरवले. मग भटजींकडून ताट मागून घेतलं आणि जपून चालत पायरीपर्यंत आली.

"धोंडीबा आजोबा, घ्या ना पटकन. विझेल."